पिळलेल्या कानाचा रंग

आनिएल्लो बात्तिलोरो अडुसष्टाव्या वर्षी एक नवा शब्द शिकला आणि त्या एका शब्दाने त्याने इटलीतलं अख्खं तोर्रे देल ग्रेको गाव हैराण करून सोडलं. शब्द होता 'रूपक'.

त्याआधी त्याला असल्या शब्दाची गरज कधी पडली नव्हती. तो पोवळ्याच्या कारखान्यात रंग जुळवणारा. घासून गोल केलेल्या मण्यांचा ढीग समोर ओतायचा, उत्तरेच्या खिडकीतल्या उजेडात एकेक मणी बोटाने सरकवायचा आणि एका ढिगाचे पाच ढीग करायचे. रक्ताचा फेस, रक्ताचं फूल, पहिलं रक्त, दुसरं रक्त, तिसरं रक्त. नावं त्याच्या पणज्याच्या आधीपासूनची. परक्या माणसाला ते सगळे मणी नुसते लाल दिसतात. आनिएल्लोला ते पाच सख्खे भाऊ दिसायचे, आणि कुठला भाऊ कुठल्या घरी जेवतो यात तो जन्मात चुकला नव्हता. माणूस तसा साधा, पण डोळ्याच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचा नाही. 'मास्त्रो आनिएल्लोचा डोळा', म्हणजे उस्तादाचा डोळा, म्हटलं की व्यापारी पुढे विचारायचे नाहीत.

आणि अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलाने, नुन्त्सिओने, कादंबरी लिहिली आणि तिच्या पहिल्याच पानावर लिहिलं की समुद्रातून नुकतंच वर काढलेलं पोवळं ऑलिव्हच्या पानाच्या रंगाचं होतं.

गाव पेटलं. का नाही पेटणार? ज्या गावात चुली पोवळ्यावर पेटतात, तिथल्याच पोराने पोवळ्याला पाला म्हणायचं! कादंबरी वाचली होती मोजक्यांनी, पण पहिलं पान सगळ्यांना पाठ होतं. आनिएल्लो सकाळी कॉफीला गेला की बारमधली मंडळी टपूनच असायची.

"काय मास्त्रो, आम्ही इतकी वर्षं गिऱ्हाइकाच्या गळ्यात काय बांधत होतो, कोथिंबीर?"

"रूपक आहे ते," आनिएल्लो पेल्यात साखर ढवळत म्हणायचा. "तुझ्या डोक्याबाहेरचं."

"आणि सत्तराव्या पानावर टोमॅटो आणि टोमॅटोचं पान एकाच रंगाचं आहे, ते?"

"तेही रूपक."

"आणि चर्चच्या कार्डिनलचा लालभडक झगा मातकट हिरवा?"

"कार्डिनल म्हणजे तर केवढं मोठं रूपक! घरी जाऊन झोप आता."

हा शब्द त्याला उत्तरेकडच्या एका बड्या वर्तमानपत्राने दिला होता. तिथल्या टीकाकाराने लिहिलं होतं की इटालियन कादंबरीत इतकी धीट रूपकं कैक वर्षांत कुणी केली नाहीत, हा लेखक लाल रंगच नाकारतो आणि आपल्याला नव्याने बघायला लावतो. आनिएल्लोने ते कात्रण पाकिटात ठेवलं होतं, आणि घडी घालून उघडून त्याच्या चिंध्या व्हायला आल्या होत्या. बुडत्याला काडीचा आधार. कारण खरी गोष्ट अशी होती की रूपकबिपक काही नव्हतं. नुन्त्सिओला लाल दिसतच नव्हतं. लाल आणि हिरवं त्याला जन्मापासून एकाच मातकट रंगाचं दिसे. त्याने आपलं जे दिसतं ते लिहिलं होतं.

हे जगात तिघांना ठाऊक होतं. एक तो स्वतः, दुसरा बाप, आणि तिसरी ओलिंपिया, त्याची आई.

ओलिंपिया घरी बसून माळा ओवायची. बारच्या बरोबर वर तिचा सज्जा. खालचं सगळं ऐकू यायचं. नवऱ्याने 'रूपक' म्हटलं की तिची सुई थांबायची. तिला राग यायचा, पण कुणाचा ते तिला नीट सांगता आलं नसतं.

नुन्त्सिओ दहा वर्षांचा असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत, आनिएल्लो त्याला मोठ्या हौसेने कारखान्यात घेऊन गेला होता. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं आणि बापाचं काम शिकवायचं, ही तिथली रीतच. आजाही नुन्त्सिओ बात्तिलोरो, तोही रंग जुळवणारा. पोराला ढिगासमोर बसवलं. पोराने अगदी मन लावून पाच ढीग केले आणि पाचही ढिगांत पाचही रक्तं कालवून ठेवली. कारखाना खो खो हसला. सगळ्यात मोठ्याने हसला तो तोरे माल्युलो, शेजारच्या कारखान्यातला रंग जुळवणारा. तो नेमका त्या दिवशी तिथे आला होता. आनिएल्लोला वाटलं, पोरगं मुद्दाम खोडी काढतंय. त्याने त्याला कानाला धरून उभ्या बाजारातून घरी आणलं.

पुढे नेपल्सच्या डॉक्टरने डोळे तपासले आणि काय ते सांगितलं. पोराला घेऊन आनिएल्लो आगीनगाडीने परतला. घरी आल्यावर दार लावून म्हणाला, "हे या भिंतीबाहेर जाता कामा नये. रंग जुळवणाऱ्याच्या घरात रंगांधळा! दिव्याखाली अंधार म्हणतील. उद्या माझ्या ढिगावर तरी कोण विश्वास ठेवेल?" त्याने दोघांना इमाकोलाता मातेची, म्हणजे गावच्या कुमारी मेरीची, शपथ घातली. मग गावात सांगितलं की पोराचं डोकं पुस्तकात चालतं, त्याला मणी घासायला लावणं हे पाप. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ इतकी वर्षं झाकलेलीच राहिली.

डॉक्टरने सांगितलं ते ओलिंपियाला आधीच कळलं होतं. कळणारच. तिने ते आधी पाहिलं होतं.

तिचा बाप, कप्तान आगोस्तिनो, पोवळ्याच्या गलबताचा धनी. वसंतात आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जायचा, ऑक्टोबरात परत यायचा. आल्या आल्या स्वयंपाकघरात चादर पसरायचा, दार लावायचा, चादरीवर पोवळ्याच्या फांद्या मांडायचा आणि नऊ वर्षांच्या ओलिंपियाला म्हणायचा, "सांग पोरी, ही कशी आहे?" पहिल्यांदा ती म्हणाली, लाल. "ते मला नको," बाप म्हणाला. "लाल मला दिसत नाही. कशी आहे ते सांग."  मग तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "पळत पळत आल्यावर बोलता येत नाही ना, तशी आहे." बाप खूश! "आणि ही?" "चुलीच्या दाराला हात लागला आणि आईला सांगितलं नाही, तशी." पोरीने सांगितलेल्यावरून बाप फांदी कुठल्या रक्ताची ते ठरवायचा आणि तिचा आकार डोक्यात ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांसमोर बोट दाखवून ठणकावायचा, हे पहिलं रक्त, हा रक्ताचा फेस. कुणाची छाती नव्हती त्याला फसवायची. मरताना त्याने तिचा हात धरून सांगितलं, कुणाला सांगू नकोस, ओलिंपी. तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. बाईने दोन मुठी झाकल्या होत्या, एक माहेरची आणि एक सासरची.

आणि नुन्त्सिओ दहा वर्षांचा झाला, तेव्हा तिने त्यालाही तसंच शिकवलं. संध्याकाळी बाप बारमध्ये गेला की मायलेक मणी घेऊन बसत. रंग सांगून उपयोग नव्हता. मग ती अंगाला काय होतं ते सांगायची. तिसरं रक्त म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशीचा गार झालेला रस्सा. रक्ताचं फूल म्हणजे वर्गात आपलं नाव पुकारलं जातं ते. पोरगं ऐकत राहायचं, आणि पोराच्या डोक्यात ते असं मुरलं की पुढे बोलोन्याला मास्तर झाल्यावरही त्याला जग तसंच दिसत राहिलं. कादंबरीतली जी वाक्यं टीकाकार अवतरणचिन्हांत टाकून टाकून नाचवत होते, त्यातली निम्मी त्या स्वयंपाकघरातली होती.

आता गावातल्या खलाशी मंडळाने पुस्तकाचा कार्यक्रम ठेवला. नेपल्सहून विद्यापीठाच्या बाई येणार, भाषण करणार, मग नुन्त्सिओ बोलणार. रविवारी संध्याकाळी. नुन्त्सिओ शनिवारीच घरी आला. रविवारी दुपारी तिघं जेवायला बसली. ओलिंपियाने सकाळपासून मंद आचेवर रस्सा ठेवला होता, पण जेवणाकडे लक्ष होतं कुणाचं?

"बाबा," नुन्त्सिओ म्हणाला, "आज मी सांगून टाकणार आहे."

"काय सांगणार?"

"मला लाल दिसत नाही हे."

आनिएल्लोने काटा खाली ठेवला. "वेड लागलंय? एवढ्या मोठ्या पेपराने रूपक म्हटलंय. बड्या माणसाने दिलंय तर घे ना गुमान!"

"पण ते खोटं आहे, बाबा. मी काही नाकारलं नाही. मी फक्त पाहिलं तसं लिहिलं. आणि जे खरंच रूपक आहे, ते माझं नाही, आईचं आहे. सगळीकडे विचारतात, हे तुम्हाला सुचतं कुठून? आणि मी माठासारखा गप्प बसतो. लाज वाटते मला."

"आणि माझी लाज? तोरे माल्युलो पहिल्या रांगेत बसणार आहे. मालक येणार आहेत. अजून दोन वर्षं मला त्या खिडकीशी बसायचंय. उद्या लोक म्हणतील, रक्तातच खोट आहे."

"खोट नाहीये ती!"

"मग काय आहे? रूपक?" आनिएल्लो ताडकन उठला. "सांगतो ते नीट ऐक. तू तिथे तोंड उघडलंस, तर मी भर सभेतून उठून जाईन. आणि या घरात तू आईला भेटायला ये. मला नको."

तो आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार आपटलं. नुन्त्सिओ पावाचे तुकडे करत बसला. चाळिशी उलटलेला मुलगा, डोक्यावरचे केस विरळ झालेले, पण ओलिंपियाला तो दहाच वर्षांचा दिसला.

"तू काय म्हणतेस?" त्याने विचारलं.

काय म्हणणार ती? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मुलाचं खरं होतं. नवऱ्याचं भय खोटं नव्हतं, तिने त्याच गावात जन्म काढला होता. आणि तिच्या स्वतःच्या पोटात एक गोष्ट होती, जी तिला स्वतःशी कबूल करायलाही अवघड जात होती. तिला हवं होतं की कुणीतरी सांगावं. वाक्यं माझी आहेत, असं तिला त्या सज्ज्यातून खाली ओरडून सांगावंसं वाटायचं. एवढं वय झालं आणि ही हाव! तिने मनातल्या मनात स्वतःच्या तोंडात मारून घेतली.

"वचन दे," ती म्हणाली. "मी बोलल्याशिवाय तू बोलायचं नाहीस."

"तू कशाला बोलशील, आई?"

"नाहीच बोलणार कदाचित. पण वचन दे."

त्याने दिलं. मग ती आत गेली, कपाट उघडलं आणि लग्नातली पोवळ्याची माळ गळ्यात घातली. सासूने घातलेली माळ. आनिएल्लोने स्वतः जुळवलेली, ओलिंपियाने स्वतः ओवलेली.

संध्याकाळी मंडळाचं सभागृह ठासून भरलं. ज्यांनी पुस्तक वाचलं होतं ते मागे उभे होते आणि ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनी पुढच्या खुर्च्या धरल्या होत्या, असं नेहमीच होतं. पहिल्या रांगेत मालक, त्यांच्या शेजारी आनिएल्लो टाय लावून, मग ओलिंपिया, आणि दोन खुर्च्या सोडून तोरे माल्युलो, हाताची घडी घालून, लग्नाला आलेल्या रुसक्या मामासारखा.

नेपल्सच्या बाई विद्वान होत्या आणि मनाने चांगल्या होत्या, पण त्यांना थांबायचं कुठे ते कुणी शिकवलं नव्हतं. त्या म्हणाल्या की लाल म्हणजे क्रांती, आणि लाल हिरवं होतं याचा अर्थ एका पिढीचा अपेक्षाभंग. मागून एक म्हातारा गोदी कामगार ओरडला, "खरंय बाई!" आणि टाळ्या पडल्या. मग त्यांनी चष्मा सावरून पुस्तकातलं ते गाजलेलं वाक्य वाचलं.

"'त्या संध्याकाळी आकाश बापाने पिळून सोडलेल्या कानासारखं झालं होतं.' पाहा, इथे बाप म्हणजे सत्ता. पुराणकाळापासूनची. आकाश तिच्या हाताखालून सुटतं, पण तिची आग सोबत घेऊन सुटतं. लेखकाने हे कुठल्या खोल अंधारातून काढलं असेल?"

स्वयंपाकघरातून, ओलिंपिया मनात म्हणाली. शेजारी आनिएल्लो मान डोलवत होता. सत्ता, पुराणकाळ, सगळं त्याला मान्य होतं. रूपक किती मोठं निघालं!

बाईंनी विचारलं, कुणाला प्रश्न? तोरे माल्युलो उठला. तो उठणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी काही शिकलेला माणूस नाही," तो म्हणाला. असं म्हणून सुरुवात करणारा माणूस नेहमी चाकू घेऊनच आलेला असतो. "मला रूपक कळत नाही. मला पोवळं कळतं. तर आपल्या लेखकाला एक सोपा प्रश्न. तुझ्या आईच्या गळ्यात आहे ती माळ, ती कुठल्या रक्ताची? मास्त्रो आनिएल्लोच्या मुलाला एवढं तर सांगता येईल. मला तरी इथून पहिलं रक्त वाटतं. का तिथेही ऑलिव्हचं पान दिसतंय?"

हशा पिकला. मग हळूहळू विरला, कारण नुन्त्सिओ हसला नाही. तो टेबलाशी बसून आईकडे बघत होता. मालक जरा पुढे झुकले. आनिएल्लोचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. टायच्या गाठीशी त्याचा हात गेला आणि तिथेच राहिला.

"काय झालं?" तोरे म्हणाला. "प्रश्न अवघड होता का? मला आठवतंय, लहानपणी एकदा..."

ओलिंपिया उठून उभी राहिली.

आयुष्यात ती कधी सभेत बोलली नव्हती.  पण बापाची लेक ती. एकदा तोंड उघडलं की आवाज गलबतावरचा निघाला.

"बस खाली, तोरे. बरोबर आठवतंय तुला. तू हसला होतास त्या दिवशी. तर ऐक. माझ्या मुलाला लाल दिसत नाही. जन्मापासून दिसत नाही."

सभागृहात कुजबुज उठली. आनिएल्लोने डोळे मिटले.

"आणि हे त्याने बात्तिलोरोंकडून घेतलेलं नाही," ती पुढे म्हणाली. "नाव त्याचं त्यांच्याकडचं, डोळे माझ्याकडचे. माझ्या बापालाही लाल दिसत नव्हतं. हो, कप्तान आगोस्तिनोला! तुमच्या आज्यांच्या, मावश्यांच्या गळ्यात जी पोवळी होती ना, त्यातली निम्मी त्याने वर काढली. आणि त्यातला एकही दाणा त्याला लाल दिसला नाही. मी सांगायचे त्याला, कसा आहे ते. नऊ वर्षांची होते. लाल म्हणून चालायचं नाही, म्हणून जे सुचेल ते सांगायचे. मग माझ्या मुलालाही तेच सांगितलं. बाई, तुम्ही विचारलंत ना, कुठून काढलं? हे इथून." तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "अंधारबिंधार काही नव्हता. दिवा लावलेला असायचा."

एवढं बोलून ती मटकन खाली बसली. आता काय होईल ते होवो. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

तोरे अजून उभा होता. त्याला बसावं की नाही कळत नव्हतं. "ते सगळं ठीक आहे," तो चाचरत म्हणाला, "पण माझा प्रश्न तसाच राहिला."

"नाही राहिला," नुन्त्सिओ म्हणाला. तो टेबलामागून पुढे आला. "आईने सांगितलं ते खरं आहे. मला तिच्या गळ्यातली माळ दिसते, तिचा रंग दिसत नाही. पण ती कशी आहे हे मला ठाऊक आहे, तोरेकाका. ज्या दिवशी तुम्ही हसलात, त्या दिवशी बाबांनी मला कानाला धरून घरी आणलं. बाजारातून, सगळ्यांसमोर. ते गेले आणि मी रडत बसलो. आईने हीच माळ कपाटातून काढली. माझा एक हात तिने माझ्या कानावर ठेवला आणि दुसऱ्या हातात माळ दिली. म्हणाली, कान कसा लागतो? मी म्हटलं, गरम आहे, ठणकतोय, पण आता जरा बरं वाटतंय. ती म्हणाली, बस. हे जे हातात आहे, ते तसंच आहे. याला दुसरं रक्त म्हणतात." तो थांबला. "मी पुढे आकाशाला तेच म्हटलं. सत्ताबित्ता माझ्या मनात नव्हती, बाई. माझा कान होता."

 नेपल्सच्या बाईंनी चष्मा काढून हातात धरला होता.

आणि आनिएल्लो उठला.

अख्ख्या सभागृहाने त्याला उठताना पाहिलं. तो जाणार, ओलिंपियाच्या मनात आलं. बोलला होता तसंच करणार.  खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, नुन्त्सिओने मान खाली घातली. आनिएल्लोने दाराकडे पाहिलं, मग तोरेकडे पाहिलं. मग तो वळून बायकोसमोर आला आणि खिशातून आपली जाड काच काढली. कारखान्यात संशय आला की वापरायची ती.

"मान वर कर," तो म्हणाला.

तिने केली. त्याने वाकून माळेचा एक मणी बोटात धरला, काच डोळ्याला लावली, उजेड कुठून येतोय ते पाहून तिला खांद्याला धरून जरा फिरवलं, आणि पुन्हा पाहिलं. त्याच्या हाताने जुळवलेली माळ, त्याला बघायची गरज काय होती? पण त्याने सगळे मणी पाहिले, एकेक करून. 

मग तो ताठ उभा राहिला. "दुसरं रक्त," तो मोठ्याने म्हणाला. "पोरगं बरोबर सांगतंय." आणि तोरेकडे वळून, "पहिलं रक्त म्हणे! घाल चुलीत तुझं पहिलं रक्त. डोळे असून तुला कळलं नाही, आणि त्याला नसून कळलं. तपासून घे कुठेतरी!"

असा काही हशा उठला, अशा काही टाळ्या पडल्या, की बाहेर रस्त्यावरचे लोक आत डोकावले. मालक स्वतः उभे राहून टाळ्या वाजवत होते. तोरे बिचारा बसता बसता स्वतःही हसला, दुसरं करणार काय? आनिएल्लो मुलापाशी गेला.  त्याने हात वर नेला आणि त्याच्या कानाला नुसता स्पर्श केला, उजव्या.

"हाच होता?" त्याने विचारलं.

"डावा, बाबा."

"बरं," आनिएल्लो म्हणाला आणि डाव्याला केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओलिंपिया सज्ज्यात सुई-दोरा घेऊन बसली होती. नुन्त्सिओ पहाटेच्या गाडीने बोलोन्याला गेला होता. खाली बारमध्ये आनिएल्लोचा आवाज आदल्या आठवड्यापेक्षा दुप्पट मोठा होता.

"माझ्या मुलाला लाल दिसत नाही!" तो सांगत होता. एक परका इसम कॉफी प्यायला थांबला होता, त्याला धरून सांगत होता. "एक कण नाही दिसत! माझ्या सासऱ्यालाही दिसत नव्हतं, आणि गलबताचा कप्तान होता तो! तुमच्या पोरांना दिसतं ना सगळं? निळं, पिवळं, हिरवं? मग लिहा म्हणावं असं एक पान!"

"पण मास्त्रो," कुणीतरी म्हणालं, "ते रूपक..."

"कसलं रूपक? माझ्या बायकोला विचार. ती सांगायची, तो लिहायचा. मी कान पिळायचो. तिघांचं पुस्तक आहे ते!"

ओलिंपियाने हसू दाबलं, पण हसू दबेना. ऊर भरून आला होता, आणि तो लपवायची आता गरज नव्हती. माझं पुस्तक, तिने एकदा पुटपुटून पाहिलं. ऐकायला छान वाटलं.

थोड्या वेळाने आनिएल्लो जिना चढून वर आला, धापा टाकत, गालांवर लाली घेऊन. तिच्या शेजारी स्टुलावर बसला. मग त्याने तिच्या समोरचा एक मणी उचलला.

"ओलिंपी," तो म्हणाला, "इतकी वर्षं मी हे जुळवतोय. मला तू कधी सांगितलं नाहीस, ते कसं असतं."

"तुला दिसत होतं. तुला कशाला सांगू?"

"तरी सांग. दुसरं रक्त कसं असतं?"

तिने सुई दोऱ्यासकट ब्लाउजला टोचून ठेवली, हात लांब केला, नवऱ्याचा कान पकडला आणि चांगला पिळला.

"अगं, अगं! सोड!"

"कळलं का?"

"कळलं! कळलं! सोड आता!"

तिने सोडला. खालून बारमधले लोक मान वर करून बघत होते. आनिएल्लो कान चोळत, डोळ्यांत पाणी आणून हसत बसला, आणि ओलिंपियाने पुढचा मणी ओवायला घेतला.